पहिल्यांदा ट्रॅकवर उतरण्याआधी

अभिनंदन मित्रा! कोईमतूरच्या करी स्पीडवेवर, म्हणजे तिथल्या रेसिंग ट्रॅकवर, कार घेऊन जातोयस, तर गाडीचा पिकअप वाढवण्याआधी पैसे स्वतःच्या मानेसाठी बाजूला काढ.

बाईकचं हेल्मेट नको. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं 'एसए' (कार रेसिंगसाठीचं) रेटिंगवालं घे. त्याची आगीसाठीही चाचणी झालेली असते. सोबत हान्स घे, म्हणजे खांद्यांवर बसणारी, हेल्मेटला जोडलेली, डोकं-मान धरून ठेवणारी कॉलर. जोरात धडक बसली की पट्टे शरीर सीटला धरून ठेवतात, हान्स नसेल तर डोकं मात्र पुढे झेपावतं आणि कवटीचा तळ मोडतो. 2001 साली अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर नामांकित रेसर डेल अर्नहार्ट तसाच गेला. त्याने हान्स घातलं नव्हतं. हान्सला खांद्यांवरून येणारे रेसिंगचेच पट्टे लागतात, हे लक्षात ठेव.

नवखे हमखास चुकतात ते पट्टे बांधताना. कमरेचा पट्टा पोटावर येऊ देऊ नकोस. तो खाली, कमरेच्या हाडांवर बसवून आधी करकचून आवळ, मग खांद्यांचे ओढ. उलट केलंस तर कमरेचा वर सरकतो आणि धडकेत पोटात रुततो.

आणखी दोन गोष्टी:
- धडक टळत नाही असं दिसलं की स्टिअरिंग सोड, हात छातीशी घे. धडकेत स्टिअरिंग झटक्याने फिरलं की अंगठा मोडतो.
- थांबल्यावर आग नसेल तर मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी) येईपर्यंत आतच बस.

रोल केजचं (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याचं) नंतर बोलू. आज रात्री मात्र गाडीत बसून, डोळे मिटून, पट्टे सोडून बाहेर पडायचा सराव कर. दहा वेळा.