पेट्रोल पंपाखालचं भूजल दोन वर्षं उपसलं, तरी बेन्झीन परत का वाढलं?

तुम्ही लिहिलंय की पंपाची जुनी टाकी गळकी निघाली. ती काढली, भोवतालची माती उचलली, मग दोन वर्षं बोअरमधून पाणी उपसून कार्बन फिल्टरमधून गाळलं. आकडे खाली आले म्हणून उपसा थांबवला आणि सहा महिन्यांत बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधलं कर्करोग करणारं रसायन, पुन्हा चढलं. आता कंत्राटदार आणखी दोन वर्षं उपसा करू म्हणतोय, तर करू द्यावा का?

माझं मत विचाराल तर, नुसता उपसाच करणार असतील तर नको. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. दोष मातीत बसलाय आणि तुम्ही पाणी धुताय.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास. गळालं की मातीतून खाली उतरतं आणि भूजलाच्या पातळीपाशी येऊन थांबतं. पण ही पातळी स्थिर नसते. ती खाली गेली की पेट्रोलही खाली जातं, वर आली की मातीच्या कणांमधल्या बारीक फटींत पेट्रोलचे थेंब अडकून पाण्याखाली बुडतात. काही वर्षांत पातळीच्या वरखाली मीटर-दोन मीटरचा थर पेट्रोलने माखून जातो. केशाकर्षणाने धरून ठेवलेले हे थेंब पाण्याच्या ओढीने जागचे हलत नाहीत. ते फक्त विरघळतात, तेही कंजूषपणाने. पेट्रोल एक लिटर पाण्यात जेमतेम 100 ते 200 मिलिग्रॅम विरघळतं. समजा मातीत 1000 लिटर अडकलंय, म्हणजे सुमारे 740 किलो. ते नुसत्या पाण्याने धुऊन काढायचं तर हिशेबाने 40 ते 70 लाख लिटर पाणी लागेल, आणि ते प्रत्येक लिटर पूर्ण संपृक्त होऊन वर आलं तर. तसं ते कधीच येत नाही. पंप चालू असताना पाणी मोकळ्या वाळूतून घाईने जातं, शिवाय बाजूचं स्वच्छ पाणी मिसळतं, म्हणून आकडा छान दिसतो. पंप थांबला की पाण्याला थेंबांजवळ रेंगाळायला वेळ मिळतो. चिकणमातीच्या पट्ट्यांत मुरलेलं बेन्झीनही हळूहळू बाहेर झिरपतं. तुम्हाला सहा महिन्यांनी दिसलं ते हेच.

आणि पाणी बिघडायला बेन्झीन थोडकंही पुरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये ते 1 टक्का धरलं, तर एका लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन आठ-नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवायला पुरेसं आहे.

माझा पहिला प्रश्न असा की माती उचलताना खड्डा कुठे थांबला? बहुतेक ठिकाणी पाणी लागलं की खोदाई थांबते, म्हणजे नेमका माखलेला थर जागीच राहतो. दुसरा, पाइपलाइन तपासली का? मी एका जागेवर टाकीलाच गुन्हेगार धरून चाललो होतो. टाकी वर काढली तर धडधाकट. गळती होती इंधन भरायच्या मशीनखालच्या पाइपच्या सांध्यात. खड्डा भलत्याच ठिकाणी झाला होता आणि ती चूक माझीच होती.

मग करायचं काय? पेट्रोल पाण्यात नाखुशीने जातं, पण हवेत आनंदाने उडतं. वाळू किंवा मुरुमासारखी माती असेल तर पाण्याच्या पातळीवरच्या मातीत बोअर घेऊन व्हॅक्यूमने बाष्प ओढायचं आणि कार्बनमधून किंवा जाळून सोडायचं. इथे पाण्याच्या पंपालाही खरं काम मिळतं. पातळी खाली ओढून माखलेला थर उघडा पाडायचा, म्हणजे त्यातून हवा फिरेल. पातळी खाली नेता येत नसेल तर पाण्याखालून हवा सोडतात. पण वर व्हॅक्यूम नसताना हे कुणाला करू देऊ नका. ढकललेलं बाष्प शेजारच्या तळघरात किंवा केबलच्या डक्टमध्ये शिरतं, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ साठली की ठिणगी पुरते. कुठे वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे बघा.

डिझेल असतं तर सांगणं वेगळं असतं. ते फारसं उडत नाही, तिथे हवा हळू सोडून जिवाणूंना पोसावं लागतं. घट्ट चिकणमातीत हवाही फिरत नाही, मग खोदणं किंवा ऑक्सिडायझर, म्हणजे पेट्रोलचं रासायनिक विघटन करणारं द्रव्य, जमिनीत टोचणं उरतं. मला दुसरा उपाय फार आवडत नाही, कारण तो मातीतल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थावरही तेवढ्याच उत्साहाने खर्च होतो.

मूळ साठा निघाला की उरलेलं बरंचसं जिवाणू खातात. आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, लोह, सल्फेट. म्हणून दूषित पट्ट्याच्या मधोमध ऑक्सिजन शून्याजवळ आणि सल्फेट घटलेलं दिसलं तर ते काम चालू असल्याचं चिन्ह. इंधनात एमटीबीई (ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं रसायन) असेल तर मात्र यावर विसंबू नका. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि दूरवर जातं. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला 1996 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी त्याच्यामुळे बंद कराव्या लागल्या. इथेनॉलचा त्रास उलटा आहे. जिवाणू आधी तेच खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेन्झीन तसंच पुढे सरकतं.

नव्या करारावर सही करण्याआधी पाच-सहा बोअर घेऊन, भूजलाच्या किमान पातळीच्या मीटरभर खालपासून कमाल पातळीच्या मीटरभर वरपर्यंत, दर अर्ध्या मीटरला मातीचा नमुना मागा. एक-दोन बोअर मशीनच्या आणि पाइपच्या बाजूलाही घ्या. आणि करारात लिहून घ्या की काम पूर्ण झालं की नाही हे यंत्रणा बंद केल्यानंतर निदान वर्षभर, पातळी वर असताना आणि खाली असताना घेतलेल्या नमुन्यांवर ठरेल, पंप चालू असतानाच्या आकड्यांवर नाही.