बेसबॉलवर रचलेल्या बँड मार्चमध्ये खेळ खरोखर ऐकू येतो का, की तो फक्त शीर्षकात असतो? कोणते मार्च ऐकावेत?

एका मार्चमध्ये तो निश्चित ऐकू येतो. तो म्हणजे अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूसा यांचा १९२५ सालचा ‘द नॅशनल गेम’. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या नॅशनल लीग या स्पर्धेच्या सुवर्णमहोत्सवासाठी बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त न्यायमूर्ती केनेसॉ माउंटन लँडिस यांनी तो सूसांकडून लिहवून घेतला. पण सूसांना या खेळाचे मनापासून वेड होते, त्यांच्या बँडमधील वादकांचा स्वतःचा संघ होता आणि साठी उलटेपर्यंत ते स्वतः पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणून मैदानात उतरत असत. या मार्चमध्ये त्यांनी बेसबॉलच्या बॅटच्या ठोक्यांना स्वतंत्र जागा दिली आहे.

न्यू जर्सीतील एका हौशी बँडमध्ये मी तालवाद्ये वाजवत असताना चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, कार्यक्रमासाठी आम्ही हा मार्च बसवला होता. मी ॲश लाकडाची बॅट घेऊन सरावाला गेलो, तेव्हा मैदानावरचा तमाशा सभागृहात नको, असे सांगून बँडच्या संचालकांनी माझ्या हाती वुडब्लॉक, म्हणजे काठीने वाजवायचा पोकळ लाकडी ठोकळा, दिला. मी हरकत घेतली. वुडब्लॉकचा आवाज पोकळ आणि उंच असतो, तर भरीव बॅटचा ठोका आखूड व जड पडतो, आणि प्रेक्षकांतील लहान मुलेही तो क्षणात ओळखतात. शिवाय १८ एप्रिल १९२३ रोजी न्यू यॉर्कमधील यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानाचे उद्घाटन झाले, तेव्हा मैदानात बँडचे नेतृत्व करायला सूसा स्वतः उभे होते. ज्या संगीतकाराला मैदान कमीपणाचे वाटले नाही, त्याच्या रचनेतून मैदान वगळण्याचा अधिकार संचालकाला कोणी दिला? अखेर वुडब्लॉकच वाजला आणि ते ठोके पितळी वाद्यांच्या गजरात पार बुडून गेले.

याआधीच्या रचनांमध्ये १८६१ सालचे ‘होम रन क्विक स्टेप’ आहे. ते फिलाडेल्फियाच्या मर्कंटाइल बेसबॉल क्लबला अर्पण केलेले आहे, परंतु माझ्या मते त्यातील खेळ शीर्षकापुरताच आहे. ठोके बाजूला ठेवले तर ‘द नॅशनल गेम’ हाही सूसांच्या नेहमीच्या घडणीचाच मार्च आहे आणि त्यांच्याच ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ या प्रसिद्ध मार्चची उंची तो गाठत नाही, हेही मान्य केले पाहिजे. म्हणूनच ज्या ध्वनिमुद्रणात बॅट स्पष्ट ऐकू येत नाही, ते ऐकण्यात वेळ घालवू नका. तुम्ही स्वतः हा मार्च बसवणार असाल, तर लाकडीच बॅट घ्या, कारण ॲल्युमिनियमची बॅट घणघणते, आणि ती वाजवणाऱ्याला मागच्या रांगेत न दडवता प्रेक्षकांसमोर उभे करा.