रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद? मी करून बसलोय, ऐका

निपाणीच्या ताई, तुमचं पोस्ट वाचलं आणि माझीच जुनी फाइल कुणीतरी समोर टाकल्यासारखं झालं. बाबांचा एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, गोळीनं तीन महिन्यांत १५८ वरून ८४ वर आला, मेडिकलवाला म्हणतो 'आता कशाला, लिव्हर खराब होईल', आणि तुम्ही विचारताय गोळी बंद करू का. मी डॉक्टर नव्हे, बेळगावच्या शहापुरातला रिटायर्ड माणूस. डोसचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तेल, चालणं, कुंद्याचा (आमच्याकडची दुधाची मिठाई) डबा लांब ठेवणं, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

माझा १७२ होता. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० (स्टॅटिन गटातली गोळी, २० मिलिग्रॅमची) सुरू केल्यावर ९४ झाला. तेव्हा नोकरीत होतो, औषधांची बिलं लावली की पैसे परत मिळायचे. (ऑफिस कुठलं ते सांगत नाही, पेन्शनची कामं अजून तिथंच अडकतात.) बिलाबरोबर ताजा रिपोर्ट जोडायचा. टेबलावरच्या साहेबांनी 'नाळे बर्री, नाळे बर्री' (कानडीत 'उद्या या') करत चार खेपा घालायला लावल्या आणि शेवटी लाल शाईनं शेरा मारला: 'रिपोर्ट नॉर्मल, औषधाची आवश्यकता नाही.' खाली गोल शिक्का.

घरी येऊन मी आरडाओरडा केला, पण खरं सांगतो, आतून बरं वाटलं होतं. शिक्क्यानिशी कुणीतरी मला बरा ठरवलं होतं की! गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. चूक साहेबांची निम्मी, माझी पुरी.

आठ महिन्यांनी कपिलेश्वरच्या पुलावर सायकल ढकलताना छातीत दाटून आलं. तपासलं तर एलडीएल १६९. पुढं अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. गोळी चालू असती तर हे टळलंच असतं, असं कुणी छातीठोक सांगणार नाही, मीही सांगत नाही.

मिरजेच्या भाच्यानं मग समजावलं, तेही आमच्या वडगाव-शहापूरच्या भाषेत. विणकर घरीच सूत कातत असेल तर बाजारातलं कशाला उचलेल? आपलं लिव्हर स्वतः कोलेस्टेरॉल बनवत असतं. स्टॅटिन तिथलं एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम अडवते, म्हणजे घरचा चरखा मंद होतो. सूत कमी पडलं की लिव्हरच्या पेशी अंगावर जास्त एलडीएल रिसेप्टर (एलडीएल पकडणारे आकडे म्हणा) उभे करतात आणि रक्तातले एलडीएलचे कण ओढून घेतात. बाजारात माल कमी दिसतो, तोच बाबांचा ८४. गोळी थांबली की चरखा परत जोरात, रिसेप्टर कमी, आणि काही आठवड्यांत आकडा मूळ जागी. या रिसेप्टरच्या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. आमच्या टेबलापर्यंत ती बातमी पोचली नव्हती, एवढंच.

तेव्हा बाबांचा रिपोर्ट 'नॉर्मल' नाही, 'गोळीवर असताना नॉर्मल' आहे. बिलं कुठं लावत असाल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर हेच शब्द लिहून घ्या, आणि खाली 'औषध चालू ठेवणे'. मी हे केलं असतं तर चार खेपा तरी वाचल्या असत्या.

आणखी एक. आकडा हवा तेवढा उतरला नाही की लोक म्हणतात, डोस डबल करा. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतो. म्हणून मला ४० बरोबर एझेटिमाइब जोडली. ती आतड्यात कोलेस्टेरॉल कमी शोषू देते, बाहेरून येणारं बरंचसं सूत नाक्यावरच अडवलं म्हणा. आता ६६ आहे. ट्रायग्लिसराइडसाठी (रक्तातली दुसरी चरबी) कुणी फायब्रेट गटातलं औषध दिलं तर स्टॅटिन चालू असल्याचं आवर्जून सांगा. त्यातलं जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर सहसा देत नाहीत, स्नायूंना धोका असतो. आणि लग्नाच्या जेवणावळीनंतर दुसऱ्या दिवशी तपासायला जाऊ नका. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की बऱ्याच लॅबचा हिशेबानं काढलेला एलडीएल भरवशाचा राहत नाही.

लिव्हरचं म्हणाल तर एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्या. थोडं वाढलं म्हणून घाबरू नका. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट पार झालं तर डॉक्टर विचार करतात. पायात गोळे, अंगदुखी असेल तर सांगा, पण दुकानदाराच्या सल्ल्यानं बंद नको. मेडिकलवाल्यांवर माझा राग आहे असं नाही, आमच्या गल्लीतला तर उधारीवर देतो. पण स्वतःच्या बापाची गोळी तो असा बंद करेल का, विचारा एकदा.

त्या ऑफिसचं पुढचं ऐका. स्टेंटचं बिल लावलं तेव्हा शेरा आला: 'रुग्णाने औषध मध्येच का थांबविले याचा खुलासा करावा.' मी जुन्या लाल शेऱ्याची झेरॉक्स जोडली. उत्तर अजून यायचंय.

बाबांचा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झालाय का? थायरॉइड मंद असेल तर त्यानंही एलडीएल चढतो. झाला नसेल तर तेवढा करून इथं कळवा.