खणातले तीन फोन आणि नवा हप्त्यांवर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात उरकली आहे: "जुने तीन फोन खणात पडून आहेत, त्यांचं काही केलेलं नाही." माझं सगळं उत्तर त्या खणातून सुरू होतं. पण आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल.

तुमचा फोन तीन वर्षांचा आहे, स्मार्टवॉच चार वर्षांचं. याआधी दर दोन वर्षांनी फोन बदलला, या वेळी कसाबसा तीन वर्षं रेटला. बॅटरी हेल्थ ७९ टक्के दाखवते आणि संध्याकाळी पाचला फोन लाल होतो. सकाळी पळताना जीपीएस लावलं की घड्याळ दुपारी मान टाकतं, आणि त्याचे अपडेट गेल्या वर्षी बंद झालेत. आता नवा फोन आणि निम्म्या किमतीत नवं घड्याळ, दोन्ही मिळून २४ बिनव्याजी हप्त्यांवर, अशी ऑफर समोर आहे. क्रेडिट कार्डाची थोडी बाकी दर महिन्याला पुढे ढकलली जाते. तुमच्या यजमानांचं म्हणणं असं की दोन वर्षांनी बदललेलंच परवडतं, कारण जुन्याला चांगली किंमत येते. आणि तुमचा प्रश्न: नेमकं किती वर्षांनी बदलायचं?

यजमानांचा मुद्दा आधी घेते, कारण तो वेडगळ नाही. नव्या फोनची किंमत १०० धरू. समजा दोन वर्षांनी तो ४५ ला विकला गेला, तर दोन वर्षांचा घसारा ५५, म्हणजे वर्षाला साडेसत्तावीस. तोच फोन चार वर्षं वापरला, मध्ये ८ खर्चून बॅटरी बदलली आणि शेवटी २२ ला विकला, तर वर्षाचा खर्च साडेएकवीस. फरक फक्त सहाचा. ज्यांचे फोन बाजारात किंमत टिकवून धरतात आणि जे ते खरोखर विकतात, त्यांच्यासाठी दोन वर्षांचा फेरा ही चैन आहे, पण खिसा फाडणारी नाही. अशा माणसाशी मी वाद घालत नाही.

पण तुम्ही विकलेत कुठे? खणात ठेवलेल्या फोनची किंमत हिशोबात शून्य. शंभराचा फोन दोन वर्षं वापरून खणात टाकला की वर्षाचे ५० गेले. तोच चार वर्षं वापरून, बॅटरीचे ८ धरून, खणात टाकला तरी वर्षाचे २७. यजमान ज्या किमतीचा आधार घेताहेत, ती तुमच्या घरात एकदाही आलेली नाही.

आता ऑफर. घड्याळाची मूळ किंमत ४० धरा, तुम्हाला ते २० ला मिळतंय. छान वाटतं. पण निम्म्या किमतीत घेऊन दोन वर्षांत बदललं काय, किंवा पूर्ण किमतीत घेऊन चार वर्षं वापरलं काय, वर्षाला १०च पडतात. म्हणजे ऑफरच्या वाटेने गेलात तर फोनचे ५० आणि घड्याळाचे १०, वर्षाला ६०. चार वर्षांच्या वाटेने २७ आणि १०, वर्षाला ३७. चार वर्षांत ९२ चा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खा फोन. आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही तुमचे घालून बघा. उत्तराची दिशा बदलणार नाही.

फोन म्हातारा झाला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते बॅटरी. लिथियम-आयनची झीज चार्जच्या फेऱ्यांत मोजतात: आज ६० टक्के वापरली, उद्या ४०, की एक फेरी पूर्ण. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशी बनवलेली आहे, आयफोन १५ पासून हाच आकडा १०००. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनच्या बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के क्षमता धरायला हवी. तुमचे ७९ टक्के म्हणजे बॅटरीचा एक जन्म सरलाय, एवढंच. फोनचा नाही.

आणि बॅटरी थकली की फोन नुसता लवकर संपत नाही, मंदही होऊ शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं होतं की थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअर त्यांचा वेग कमी करतं. त्यावरून गदारोळ झाला, कंपनीने २०१८ भर बॅटरी स्वस्तात बदलून दिली, लोकांचे मंद झालेले फोन पुन्हा पळायला लागले. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात आयफोनची विक्री घटण्याच्या कारणांत या स्वस्त बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. माझ्या दृष्टीने हा या विषयावरचा सगळ्यात बोलका पुरावा आहे: बॅटरी बदलून मिळाली, तर लोकांना नवा फोन लागत नाही.

इथे माझीच एक फजिती सांगते. काटकसरीचं बोलणारी बाई म्हणून मी एकदा बॅटरी बदलणं आठ महिने पुढे ढकललं. एके दिवशी टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगायला लागला. उचलून पाहिलं तर स्क्रीन एका कडेने वर आलेली, नख आत जाईल एवढी फट. आत बॅटरी फुगली होती. शेवटी बॅटरीही बदलली आणि स्क्रीनही, बॅटरीच्या चौपट खर्च आला. तेव्हा फोन जास्त वर्षं वापरायचा म्हणजे दुखणं अंगावर काढायचं, असा अर्थ घेऊ नका. आणि फट दिसली तर हिशोब नंतर, चार्जिंग आधी बंद. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

फोन बदलण्याची खरी मुदत सिक्युरिटी अपडेट ठरवतात. ज्या फोनवरून तुम्ही पैसे पाठवता, त्याला अपडेट मिळणं थांबलं की तो कितीही चकचकीत असला तरी माझ्या लेखी निवृत्त. ॲप्सही पाठोपाठ साथ सोडतात: मे २०२५ पासून आयफोनवर वॉट्सॲपला आयओएस (आयफोनची मूळ प्रणाली) १५.१ किंवा त्यापुढचंच चालतं. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, पण म्हणून सगळेच फोन सात वर्षांचे होत नाहीत. स्वस्त मॉडेलांची मुदत अनेकदा कमी असते. घेताना मेगापिक्सेल विचारण्याआधी ही तारीख विचारा. एखादा फोन २० टक्के महाग असेल आणि तीन वर्षं जास्त चालणार असेल, तर स्वस्त कोण ते तुम्हीच मांडा.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मॉडेलला पाच वर्षांचा शब्द आहे आणि तुम्ही तो बाजारात आल्या आल्या घेतला होता. म्हणजे अजून दोन वर्षं हातात आहेत. माझा दुरुस्तीचा नियम साधा आहे: दुरुस्तीचा खर्च भागिले तिने मिळणारी वर्षं, आणि ते उत्तर नव्या फोनच्या वर्षाच्या खर्चाशी ताडून बघायचं. बॅटरीचे ८ भागिले दोन वर्षं म्हणजे ४. समोर २७ आहेत. विचार करायचं कारणच नाही, बॅटरी बदला. उद्या वर्षभराचंच आयुष्य उरलेलं असताना स्क्रीन फुटली आणि खर्च ३० आला, तर तिथे मीच म्हणेन की सोडा आता.

घड्याळाची गोष्ट वेगळी आहे, आणि दोघांना एका फेऱ्यात बांधणं ही या ऑफरमधली खरी मेख आहे. घड्याळाची बॅटरी इवलीशी, रोज चार्ज होणारी. ॲपल वॉचची बॅटरी १००० फेऱ्यांनंतर ८० टक्के राहावी अशी बनवलेली आहे. रोज एक पूर्ण फेरी धरली तर ती पावणेतीन वर्षांत संपते. एका चार्जवर आठवडा काढणारं घड्याळ मात्र वर्षात पन्नासेकच फेऱ्या घेतं. दिसायला साधी असणारी, पळणाऱ्यांची घड्याळं मला म्हणूनच आवडतात. बॅटरी बदलण्यासाठी घड्याळ उघडणं फोनपेक्षा किचकट असतं, आणि पाणी आत न जाऊ देणारी सीलसुद्धा काळाबरोबर सैल होत जातात.

तुमच्या घड्याळाचे अपडेट तीनच वर्षांत का थांबले, याचंही उत्तर तुमच्या पत्रात आहे. ते तुम्ही सेलमध्ये घेतलंत तेव्हाच मॉडेल दोन वर्षं जुनं होतं. अपडेटची मुदत मॉडेल बाजारात येतं तेव्हापासून सरायला लागते, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. यात भलेभले फसतात. ॲपल वॉच सिरीज ३ आली २०१७ मध्ये. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ती दुकानात नवी म्हणून विकली जात होती, आणि त्याच महिन्यात आलेलं वॉचओएस ९ (ॲपल वॉचच्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती) तिला मिळालं नाही. शेवटच्या उन्हाळ्यात घेणाऱ्याने नवंकोरं, पण पुढची आवृत्ती कधीच न मिळणारं घड्याळ घेतलं. बरं, महागातलं घेतलं म्हणूनही सुटका नाही. २०१५ च्या पहिल्या ॲपल वॉचची एक आवृत्ती १८ कॅरेट सोन्याची होती. २०१८ मध्ये वॉचओएस ५ आलं तेव्हा सोनं आणि ॲल्युमिनियम एकाच दिवशी मागे पडले. सोन्याला निदान मोड तरी येते.

तेव्हा घड्याळ बदला, हे माझं मत. तुम्ही आठवड्यातून पाच दिवस पळता, ते रोज वापरात आहे, आणि सध्याचं ना दिवस काढतं ना अपडेट घेतं. फक्त निम्म्या किमतीसाठी फोनच्या ओझ्यासकट घेऊ नका. याच वर्षाचं किंवा गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या, त्याहून जुनं नको. ते सुटं, पूर्ण किमतीत, रोख घ्या. ४० आणि बॅटरीचे ८, असे ४८ मध्ये तुमच्या दोन्ही अडचणी सुटतात. ऑफरमध्ये १२० लागणार होते.

घेण्याआधी एक तपासा: नवं घड्याळ तुमच्या सध्याच्या फोनशी जुळतं का. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगची २०२१ च्या गॅलक्सी वॉच ४ पासूनची घड्याळं आयफोनशी जुळत नाहीत. वॉचओएस २६ वापरायचं तर आयफोन ११ किंवा त्यापुढचाच फोन लागतो. हौसेने आणलेल्या घड्याळापायी फोन बदलावा लागलेली माणसं माझ्याकडे येऊन गेली आहेत. दोन वर्षांनी तुम्ही फोनची कंपनी बदलण्याची शक्यता असेल, तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींशी चालणारं घड्याळ घ्या. गार्मिनची चालतात.

हप्त्यांबद्दल फार लिहीत नाही. बिनव्याजी हप्त्यात व्याज बहुधा असतंच, ते रोखीवर न मिळालेल्या सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये लपलेलं असतं. पण तुमच्या बाबतीत हा मुद्दाही गौण आहे. कार्डाची बाकी फिरती असताना आणखी एक हप्ता लावून घेणं मला साफ नामंजूर आहे. कार्डाचं व्याज घरातल्या इतर बहुतेक कर्जांपेक्षा चढं असतं. आधी ती बाकी शून्य करा. बॅटरी लगेच बदलून घ्या, घड्याळ मात्र कार्ड मोकळं झाल्यावर, दोन-तीन महिन्यांनी आलं तरी तुमचं पळणं थांबत नाही. तोवर फोन खिशात ठेवून त्याच्यावर अंतर मोजा.

त्यानंतर फोनच्या किमतीचे तीन टक्के दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागा. वर्षाचे ३७ भागिले बारा, त्यातून हा आकडा आलाय. ऑफरच्या हप्त्यात महिन्याला ५ जाणारच होते, तेव्हा हे जड जाऊ नये. दोन वर्षांत ७२ जमतील. तेव्हा फोनच्या अपडेटची मुदत संपत आलेली असेल आणि नव्या फोनची बहुतेक रक्कम तुमच्या हातात असेल. यजमानांना त्या वेळी नवा फोन आधीच हवासा वाटला, तर या खात्यात आहे तेवढ्यातून घ्यावा. मी कारण विचारणार नाही.

राहता राहिला खण. तिन्ही फोन या रविवारी बाहेर काढा. फुगलेला असेल तो चार्ज न करता थेट ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. बाकीचे चार्ज करा, फोटो उतरवून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग आपल्या खात्यातून रीतसर बाहेर पडा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम चुकला तर फोन तुमच्या खात्याशी कुलूपबंद राहतो आणि घेणारा तो परत आणून देतो. सगळ्यात नवा असेल तो आधी विका, आणि त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल जाहीर होण्याच्या आत विका. येतील ते पैसे कार्डाच्या बाकीत भरा.