मिळालं तरी बरं का वाटत नाही?

प्रश्न: ताई नमस्कार, सहा वर्षं ज्या पोस्टसाठी घासली ती मागच्या वर्षी मिळाली, पगार वाढला, केबिन मिळाली, घरचेही खूष. मला जेमतेम दोन महिने भारी वाटलं आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. त्यात माझ्याबरोबर लागलेला एक जण आता माझ्याही वर गेलाय, तेच डोक्यात फिरत असतं. माझ्यातच काही गडबड आहे का?

उत्तर: दोन महिने म्हणजे बरेच टिकले की! गडबड वगैरे काही नाही हो. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे व्हिडिओ काही संशोधकांनी लोकांना आवाज बंद करून दाखवले आणि चेहरा किती खूष वाटतोय त्याला दहापैकी मार्क द्यायला सांगितले. निकाल लागला त्या क्षणाचे चेहरे बघून ब्राँझवाल्यांना सरासरी 7.1 मिळाले आणि सिल्व्हरवाल्यांना 4.8, म्हणजे दुसरा आलेला तिसऱ्यापेक्षा जास्त पडेल चेहऱ्याने उभा! सिल्व्हरवाल्याला हुकलेलं गोल्ड दिसत असतं आणि ब्राँझवाला म्हणतो वाचलो, नाहीतर हात हलवत घरी गेलो असतो. तुमची केबिन तो सोबती पुढे गेला त्या दिवशी सिल्व्हर झाली, त्याआधी ती चांगली गोल्ड होती.

दुसरं म्हणजे सवय. 1978 सालचा एक अभ्यास खूप सांगितला जातो, त्यात लॉटरी लागलेले 22 जण होते आणि ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट गप्पा मारणं, वाचणं असल्या साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा वाटायला लागली होती. मात्र हे सांगताना लोक हमखास पुढे जोडतात की त्याच अभ्यासातले अपघाताने लुळे झालेले दुसऱ्या गटातले लोकही तितकेच सुखी होते. नव्हते! ते स्पष्टपणे कमी सुखी होते, फक्त आपल्याला वाटतं तितके खचलेले नव्हते. सवय होते पण सगळ्याचीच होत नाही, आणि ‘मानण्यावर असतं सगळं’ असं ज्याचं खरंच काही गेलंय त्याला ऐकवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

आणि अजून एक, हवंहवंसं वाटणं आणि मिळाल्यावर आवडणं ही मेंदूची दोन वेगवेगळी कामं आहेत. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन, जवळजवळ संपवलं की ते समोरचं खाणं खायलाही जात नाहीत, पण जिभेवर गोड टाकलं तर आवडल्याच्या खुणा चेहऱ्यावर तशाच दिसतात. आपलं बरेचदा उलटं होतं, हवंय हवंय चालूच आणि आवडण्याचा पत्ता नाही.

प्रश्न: मग इच्छाच सोडून द्यायच्या का? बुद्धानेही तेच सांगितलंय ना?

उत्तर: अगदी तसंच नाही. त्याने दुःखाचं मूळ सांगितलं ती तण्हा, म्हणजे तहान. पण पाली भाषेत इच्छेला अजून एक शब्द आहे, छंद, आणि चांगलं काही करावंसं वाटणारा छंद तिथे वाईट मानलेला नाही. आपण मराठीत छंद कशाला म्हणतो बघा, जे करतानाच मजा येते त्याला. त्या पोस्टमधलं रोजचं काम तुम्हाला आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पगार आला, केबिन आली, सोबती आला, कामाबद्दल अक्षर नाही!

प्रश्न: हे सगळं तब्येत धड असणाऱ्यांसाठी झालं. अंगच दुखत असेल तर कसलं सुख?

उत्तर: बरोबर आहे, दुखणं खरं असतं, आधी औषधच हवं. महिनोन्महिने कशातच मन लागत नसेल तर तेही दुखणंच समजा आणि डॉक्टरकडे जा, तत्त्वज्ञान वाचत बसू नका. पण एक गोष्ट सांगते. एपिक्युरस म्हणून ग्रीक विचारवंत होता, लोक त्याला उगाच चैनीचा पुरस्कर्ता समजतात. इसवी सनपूर्व 270 च्या सुमाराला तो मुतखड्याने लघवी अडकून गेला, आणि शेवटच्या दिवशी मित्राला पत्रात लिहितो की वेदनांनी कळस गाठलाय पण आपल्या जुन्या गप्पा आठवून मन आनंदात आहे. पत्राच्या शेवटी मागणं काय, तर आधीच वारलेल्या एका मित्राच्या मुलांकडे लक्ष दे, एवढंच.