तिकीट सासरच्या नावाचं, पासपोर्ट माहेरचा: फेझला निघण्याआधी हे वाचा

तुमच्या पोस्टमध्ये प्रश्न तीन आहेत. मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात रियाडमध्ये (मधे चौक असलेल्या जुन्या वाड्यात) राहावं की नव्या भागातल्या हॉटेलात, बाजारातून काय आणावं, आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य: "बायकोचं तिकीट एजंटने लग्नानंतरच्या नावाने काढलंय, पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा आहे, पण तो म्हणतो चालतं." खाली सगळ्यांनी रियाड आणि गालिच्यांवर भरभरून लिहिलंय, या वाक्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नाही. मी शेवटापासून सुरुवात करते.

चालत नाही हो. अजिबात चालत नाही.

आपल्याकडची गंमत अशी की पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, खाली आडनाव. लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. म्हणजे तीन शब्दांपैकी फक्त पहिला जुळतो. आपल्या आत्याला, मावशीला ते लगेच कळतं. चेक-इन काउंटरवरच्या माणसाच्या लेखी मात्र ही स्पेलिंगची चूक नसते, ती सरळ दुसरी बाई असते. आणि तो काउंटर आपल्या मुंबईचा असला तरी पुढे दोहा किंवा अबू धाबीला विमान बदलायचंय, तिथे पुन्हा बोर्डिंग पास आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरून बघतात.

आमच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. एजंटचं नाव घेत नाही, ऑफिस अजून चालू आहे आणि एसी जोरात आहे. त्याच्याकडे आमच्या दोघांच्या पासपोर्टच्या कॉप्या व्हॉट्सअॅपवर होत्या, तरी त्याने तिकिटावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव टाकलं. विचारलं तर उत्तर काय? "ताई, लग्नानंतर हेच तर होणार ना!" व्हिसाचा अर्ज भरायला मी स्वतः बसले म्हणून ते दिसलं. एजंटच भरून देणार होता, तसं झालं असतं तर एअरपोर्टवरच कळलं असतं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आधी म्हणाला, मॅरेज सर्टिफिकेट दाखवा, सोडतात. मग म्हणाला, वरच्या कन्सॉलिडेटरकडे (एजंटांना तिकिटं पुरवणाऱ्या कंपनीकडे) मेल टाकलाय. मग "साहेब बाहेर आहेत." एअरलाइनच्या कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणाले एक-दोन अक्षरं चुकली असतील तर दुरुस्त करू, आडनाव बदलून देणार नाही, आणि तिकीट एजंटने काढलंय तेव्हा जे काही करायचं ते त्याच्यामार्फतच. एजंट म्हणतो एअरलाइनला विचारा, एअरलाइन म्हणते एजंटला विचारा. अर्ध्या हळदीच्या अंगाने मी त्या ऑफिसच्या बाकावर बसून होते आणि समोरची मुलगी मला सिंगापूरच्या पॅकेजचं माहितीपत्रक देत होती! शेवटी माझं तिकीट वाया गेलं. नवं काढलं तेव्हा त्याच विमानाचं भाडं इतकं चढलं होतं की त्या पैशात रियाडचा सगळा मुक्काम निघाला असता. एजंटने भरपाई म्हणून पासपोर्ट ठेवायची दोन रेक्झिनची पाकिटं दिली.

तेव्हा आता तुम्ही काय करायचं ते सांगते. (मी ट्रॅव्हलमधली नाही, वकील नाही. नियम एअरलाइनप्रमाणे बदलतात, आपलं आपण तपासून घ्या.)

आजच एजंटला लेखी कळवा, फोनवर नको. पासपोर्टची कॉपी तुम्ही त्याला कोणत्या तारखेला पाठवली होती तो मेसेज सोबत जोडा. दोघांचं बुकिंग एकाच पीएनआरवर असेल तर आधी पीएनआर वेगळा करून घ्या, नाहीतर तिचं तिकीट रद्द करताना तुमचंही जाऊ शकतं. आणि घाईघाईने पासपोर्ट बदलायला जाऊ नका. बरेच जण हाच सल्ला देतील, मला तो पटत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र हातात नसतं, पोलीस पडताळणी मध्ये आली तर तारखा हुकतात, आणि जुन्या पासपोर्टवर काढलेला व्हिसा नव्या पासपोर्टवर चालत नाही. माहेरच्या पासपोर्टवर जा, हनिमून करून या, मग सावकाश नाव बदला. बदलायचंच असेल तर. मी नाही बदललं.

ई-व्हिसा हल्ली घरबसल्या मिळतो, २०२२ पासून भारतीयांना ती सोय आहे. मोरोक्को सरकारच्याच पोर्टलवर भरा, सारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट वर येतात. नाव पासपोर्टवर छापलंय तसंच, वडिलांच्या नावासकट.

आता रियाड. इथेही नावच आधी. मोरोक्कोत मुक्कामाच्या ठिकाणी पोलिसांसाठी एक फॉर्म भरावा लागतो, पासपोर्टवरून. तिथे लग्नाशिवाय शरीरसंबंधांवर कायद्याने बंदी आहे आणि स्थानिक जोडप्यांकडे लग्नाचा दाखला मागत असत. परदेशी जोडप्यांना सहसा कुणी विचारत नाही. आम्हालाही नाही विचारलं, आडनावं वेगळी असूनही. तरी नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र मिळालं असेल तर इंग्रजी प्रत मोबाइलमध्ये ठेवा. लग्नपत्रिका नेऊ नका, तिच्यावरची "चि. सौ. कां." वाचायला तिथे कुणी नाही.

रियाड की हॉटेल, तर रियाडच. पण थंडीत जात असाल तर (आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त म्हणजे थंडीच) पहिला प्रश्न नक्षीकामाचा विचारू नका, हीटरचा विचारा. रियाड म्हणजे मधे उघडा चौक आणि भोवती खोल्या. वर आकाश, खाली फरशा, भिंतींवर झेलिजच्या टाइल्स. उन्हाळ्यासाठी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत फेझला रात्री पारा पाच अंशांच्या आसपास जातो आणि तो सगळा गारठा त्या चौकातून थेट खोलीत येतो. फोटोतल्या गुलाबपाकळ्यांनी ऊब येत नाही. खोलीत गरम हवेचा एसी आहे का, रात्रभर चालू ठेवतात का, हे लिहून विचारा.

दुसरं, जागा. फेझ अल-बालीत, म्हणजे जुन्या शहरात, गाडी जात नाही, ही माहिती तुम्हाला असेलच. पण ते शहर उतारावर आहे हे फारसं कुणी सांगत नाही. बाब बू जलूद या निळ्या दरवाजातून आत शिरलं की तालआ कबीरा नावाची गल्ली उतरत उतरत करावीयीन मशिदीपर्यंत जाते. जाताना मजा, येताना दम. सामान चाकांच्या बॅगेत असेल आणि रियाड मधोमध असेल तर हातगाडीवाला गाठावा लागतो. बू जलूद, ऐन अझलितेन किंवा खालच्या अंगाला र'सीफ, यांपैकी एखाद्या गाडी थांबण्याच्या जागेपासून चालत जवळ असलेलं रियाड निवडा आणि त्यांचाच माणूस घ्यायला बोलवा. लाल 'पेटी टॅक्सी'त (म्हणजे छोट्या टॅक्सीत) तीनच माणसं बसतात, मीटर टाकायला सांगायचं, रात्री दर दीडपट होतो.

"रस्ता बंद आहे, मशीद बंद आहे, चला मी दाखवतो" म्हणणारी पोरं भेटतील. रस्ता बंद नसतो. "ला, शुक्रन" म्हणायचं आणि चालत राहायचं. एक दिवस गाइड घ्यायचा तर रियाडमधून ओळखपत्रवाला घ्या, आणि निघण्यापूर्वीच सांगा की दुकानं नकोत. हे मी जोर देऊन सांगते, कारण आमच्या पॅकेजमधल्या 'मोफत' गाइडने सकाळभर आम्हाला गालिचा, कातडं, आर्गन तेल, पुन्हा गालिचा असं फिरवलं. बू इनानिया मदरसा दाखवायला त्याला वेळ उरला नाही. तो मदरसा चौदाव्या शतकातला आहे आणि आपल्याला आत जाता येतं, करावीयीनमध्ये मात्र मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, दारातून जेवढं दिसतं तेवढं बघायचं. ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईंनी ती उभारली असं मानतात. दारातून दिसणारं अंगण पाहायला थांबलात तर मागून "बालाक!" ऐकू येईल. तेव्हा भिंतीला चिकटायचं, मागे सिलिंडर लादलेलं गाढव असतं.

बाजाराबद्दल. घासाघीस कशी करायची ते तुम्हाला शिकवायची गरज नाही, तुळशीबागेत वाढलेला माणूस तिथे कमी पडत नाही. शुअराचे कातडी कमावण्याचे हौद वरून, दुकानांच्या गच्चीवरून दिसतात. दारात पुदिन्याची काडी देतात ती घ्या, नाकाशी धरा. चुना आणि कबुतराच्या विष्ठेत कातडी भिजतात, वास काय असेल तो असेलच. गच्ची फुकट म्हणतात, पण उतरताना वाट दुकानातून असते. काही घ्यायचं नसेल तर थोडे दिरहॅम हातावर ठेवून निघा, अपराधी वाटून घेऊ नका. बॅग किंवा चपला घ्यायच्याच असतील तर आतून हुंगून बघा. दुकानात सगळीकडेच वास असतो म्हणून कळत नाही, घरी कपाटात कळतो. वस्तू बाहेर गल्लीत नेऊन हुंगा, दुकानदाराला त्याची सवय आहे.

मला सगळ्यात आवडला तो सफ्फारीन चौक. तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर, म्हणजे आपली कसब्यातली तांबट आळीच, फक्त मधे एक झाड आणि बाजूला चहाची टपरी. तिथे बसून एक चहा संपेपर्यंत एका माणसाने भल्यामोठ्या पातेल्याचा काठ फिरवत फिरवत ठोकून गोल केला, एकदाही मापपट्टी न लावता. हौस म्हणून छोटं काही घ्या. निळ्या नक्षीची चिनी मातीची भांडी सुंदर असतात, पण ती भिंतीवर लावायला. रंगीत, चकचकीत ताजीनमध्ये (शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात) स्वयंपाक करू नका, झिलईत शिसं असू शकतं. शिजवायचं असेल तर साधं, बिनरंगाचं मातीचं घ्या.

मेंदीच्या बाजारात माझा हात एका बाईने सरळ ओढून घेतला, तळवा उलटा केला, कोपरापर्यंत बघितलं आणि शेजारणीला हाक मारली. मग दोघी मिळून रंग इतका गडद कसा आला ते विचारत होत्या, खुणांनी. निलगिरीचं तेल मला खुणांनी सांगता आलं नाही. पुढे मराकेशला जाणार असाल तर जेमा अल-फना चौकात मात्र कुणाला हात देऊ नका. तिथे काळी मेंदी लावतात, तिच्यात केसांच्या डायचं रसायन असतं आणि फोड येतात.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण वहिनी शाकाहारी आहेत असं जुन्या एका धाग्यात वाचलं होतं. सकाळी बिसारा शोधा, सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं. पोटभर आणि स्वस्त. झालूक म्हणजे वांग्याचं भरीत, दोन दिवसांत घरची आठवण काढायला बरं. सात भाज्यांचा कुसकुस (रव्याचे वाफवलेले कण) मात्र विचारून घ्या. "भाज्यांचाच आहे" म्हणतात आणि मांसाच्या पाण्यात शिजवून वरचे तुकडे काढून देतात. त्यांच्या मते ते शाकाहारीच.

सुट्टे मुद्दे. शुक्रवारी जुन्या शहरातली बरीच दुकानं दुपारी बंद असतात, तो दिवस खरेदीचा धरू नका. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीत सुरू होतोय, म्हणजे लग्नसराईतच. त्या महिन्यात मोरोक्को घड्याळ एक तास मागे घेतो, तेव्हा ट्रेन आणि विमानाच्या वेळा मोबाइलवर विसंबून न राहता रियाडमध्ये विचारून घ्या. दिरहॅम भारतात शोधत बसू नका, देशाबाहेर नेण्या-आणण्यावर मर्यादा आहे. युरो न्या, तिथे बदला, पावती जपून ठेवा, उरलेले परत देताना लागते. लग्नात कुणी ड्रोन भेट दिला असेल तर तो घरीच, तिथे विमानतळावर काढून घेतात. आणि लग्नातले दागिने नेऊ नका. नेलेच तर निघताना कस्टम्सकडून नोंद करून घ्या, परत येताना वाद नको.

कासाब्लांकाहून फेझला ट्रेनने साधारण चार तास लागतात. पहिल्या वर्गात आसनक्रमांक असतो, भाड्यातला फरक फार नाही, लांबच्या विमानप्रवासानंतर तेवढं सुख घ्या. त्या तिकिटाचंही बुकिंग एजंटला सांगू नका.

आणि तो लेखी मेल आज टाका. एजंटने काय उत्तर दिलं ते इथे लिहा, त्याचं पुढचं वाक्य कोणतं असेल ते मला साधारण पाठ आहे.