आजोबांच्या वडिलांचं नावसुद्धा घरात कुणाला माहीत नाही. वंशावळ शोधायची तर सुरुवात कुठून करू?

मी नाशकात राहतो, मूळ गाव सिन्नर तालुक्यात. त्यामुळे याच जिल्ह्यापुरतं सांगतो.

कागद नंतर. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. पुरुष भावकी सांगतात, पण कुणाची लेक कुठं दिली हे आत्या-मावश्यांनाच ठाऊक. फक्त सरळ नाव विचारू नका. माझ्या आजीनं सासऱ्याचं नाव कधीच घेतलं नाही; शेजारच्या काकूंनी ते सांगितलं तेव्हा आजीनं नुसती मान हलवली. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडीही खाली काढा. आहेर कुणी दिला, ते त्यांच्यावर कोरलेलं असतं.

गाव आणि आडनाव पक्कं झालं की पंचवटीत रामकुंडावर जा. तिथल्या तीर्थोपाध्यांनी गावं वाटून घेतलेली आहेत, त्यामुळे 'अमुक गावचे उपाध्ये कोण?' एवढंच विचारत फिरायचं. त्यांच्या वह्यांत तुमच्या घरातलं कोण कधी दशक्रियेला, अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलं ते मिळतं. अमावास्या आणि पितृपक्ष टाळा, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. दक्षिणा ज्याची त्यानं ठरवावी. आमच्या पानावर पणजोबांचा अंगठा, त्याखाली आजोबांची वळणदार सही. भावांची नावं सगळी, बहिणींचं एकही नाही. दोन्ही आत्यांची नावं मी तिथंच लिहून आलो.

मग सरकारी कागद. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक (गाव नमुना 14) मागा, जन्म-मृत्यू त्यात सापडतात. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसून नुसता बाप असतो, हे लक्षात ठेवा. जमीन असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, सोन्यासारखे: 'मयत, वारस अमुक' अशी पिढी आयती हातात येते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मात्र 1 जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

माझी चूक सांगतो. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. मी दोन कोंडाजी एकच धरले आणि एक पिढीच गिळली. सहा महिन्यांनी एका फेरफारात 'कोंडाजी बिन सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा कोंडाजी, दिसला तेव्हा कळलं. तेव्हापासून बापाच्या नावाशिवाय कुणाला झाडावर चढवत नाही.

जुनं बरंचसं मोडीत असतं, वाचणारा माणूस शोधावा लागतो. साल शके असेल तर 78 मिळवा. शके 1832 म्हणजे साधारण 1910. आणखी मागं जायचं असेल तर नाशिक हा वेगळा जिल्हा 1869 सालचा. त्याआधी सिन्नर, निफाड, येवला नगरकडे होते. मालेगाव, बागलाण खानदेशात. तुमचा तालुका कोणता, ते इथं लिहा.